घरचे डायलिसिस, रक्तक्षय आणि गावाची जबाबदारी

(रत्नागिरी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रक्तक्षय हा शब्द या सभागृहातील कोणालाही नवा नाही. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटणारे शिक्षक, गरोदर मातांची नोंद ठेवणाऱ्या आरोग्य सेविका, ग्रामसभेत आरोग्याचा आढावा घेणारे सरपंच, या सर्वांचा त्याच्याशी नित्याचा परिचय आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. प्रश्न एवढा व्यापक असल्यामुळे रक्तक्षय म्हटले की लोहाची गोळी, हिरवी पालेभाजी, गूळ आणि नाचणी हे उत्तर सहज ओठांवर येते. बहुतेकांच्या बाबतीत ते उत्तर योग्यही असते.

परंतु त्याच गावात, त्याच वाडीत रक्तक्षयाचा असाही एखादा रुग्ण असतो की ज्याला हे उत्तर लागू पडत नाही. त्याची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात आणि तो घरच्या घरी पोटाचे डायलिसिस करीत असतो. त्याचा चेहरा फिकट दिसतो, चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागते, हातपाय गार पडतात, कामात लक्ष लागत नाही. शेजारीपाजारी आपुलकीने त्याला खजूर, डाळिंब आणि रक्त वाढविणाऱ्या औषधांच्या बाटल्या आणून देतात. गुण मात्र येत नाही. हा रक्तक्षय वेगळा आहे, त्याची चिकित्सा वेगळी आहे आणि ती यशस्वी होण्यासाठी डॉक्टरांच्या जोडीला गावानेही काही गोष्टी करणे अगत्याचे आहे. आजचे विवेचन याच मुद्द्याभोवती आहे.

मूत्रपिंड आणि रक्त यांचा संबंध

मूत्रपिंडाचे काम केवळ मूत्र तयार करण्याचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. रक्तातील प्राणवायू कमी होत असल्याची जाणीव ठेवणारी एक चौकी निसर्गाने मूत्रपिंडातच बसविली आहे. प्राणवायू घटला की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक हाडांच्या पोकळीतील मज्जेपर्यंत पोहोचते आणि तांबड्या पेशी अधिक प्रमाणात तयार करण्याचा जणू हुकूमच तिला देते. प्रौढ माणसाच्या शरीरातील सुमारे ९० टक्के एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात तयार होते. मूत्रपिंडे निकामी झाली की हा हुकूम निघेनासा होतो. मज्जा शाबूत असते, कित्येकदा कच्चा मालही असतो, पण आज्ञेअभावी कारखाना थंडावतो.

याला आणखी दोन कारणांची जोड मिळते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मूत्रपिंडविकारात रक्तात साचणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे तिचे आयुष्य घटते. दुसरे कारण असे की, या विकारात शरीरात एक प्रकारचा मंद दाह सतत चालू राहतो. त्यामुळे हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातील लोह बाहेर पडू देत नाही. कोठारात धान्य असावे आणि दाराला कुलूप असावे, तशी ही अवस्था होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णात हे प्रमाण उपचाराअभावी सात-आठपर्यंत किंवा त्याहूनही खाली घसरू शकते. हृदयाला अधिक कष्ट पडतात, त्याची भिंत जाड होते आणि कालांतराने हृदय थकते. म्हणून हा प्रश्न केवळ अशक्तपणाचा नाही. तो आयुर्मानाचा प्रश्न आहे.

पोटाचे डायलिसिस

डायलिसिसचे दोन मुख्य प्रकार आहेत. रक्ताच्या डायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध केले जाते. त्यासाठी साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, केंद्रावर जावे लागते. पोटाच्या डायलिसिसमध्ये उदरपोकळीच्या आतील पातळ अस्तराचाच गाळणीसारखा उपयोग केला जातो. एक मऊ नळी शस्त्रक्रियेने पोटात कायमची बसविली जाते. तिच्यावाटे सुमारे दोन लिटर निर्जंतुक द्रव पोटात सोडतात. काही तास तो आत राहतो, रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी त्यात उतरते, मग तो काढून टाकून नवा द्रव भरतात. दिवसातून बहुधा चार वेळा ही अदलाबदल करावी लागते आणि प्रत्येक वेळी अर्धापाऊण तास जातो. १९७६ मध्ये अमेरिकेतील पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही सतत चालणारी पद्धत मांडली. हाताने करावयाच्या या पद्धतीला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याची रचना ध्यानात घेतली म्हणजे या पद्धतीचे महत्त्व पटते. उत्तरेस मंडणगडपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत नऊ तालुके, मध्ये खाड्या, घाट आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. मंडणगडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. आठवड्यातून तीन वेळा असा प्रवास म्हणजे रुग्णाची मजुरी बुडणे आणि सोबत येणाऱ्याचीही बुडणे. घरी होणारे डायलिसिस ही ओढाताण वाचविते. महिन्यातून एखादी फेरी मारली तरी बहुधा भागते.

रक्तक्षयाच्या दृष्टीनेही या पद्धतीचे काही फायदे आहेत. रक्ताच्या डायलिसिसमध्ये नळ्यांत आणि गाळणीत दर खेपेस थोडे रक्त राहून जाते. तपासण्यांसाठीही वारंवार रक्त काढले जाते. त्यातून वर्षाकाठी एक ते तीन ग्रॅम लोह शरीराबाहेर जाऊ शकते. पोटाच्या डायलिसिसमध्ये ही हानी टळते. मूत्रपिंडांची उरलीसुरली शक्तीही अधिक काळ टिकते. त्यामुळे या रुग्णांना एरिथ्रोपोएटिनची मात्रा सर्वसाधारणपणे कमी लागते. पण एक अडचणही आहे. केंद्रावर येणाऱ्या रुग्णाला इंजेक्शन आणि लोह परिचारिकेकडून यंत्रावरच मिळून जाते. घरच्या रुग्णाला ते स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागते. येथेच शिस्तीचा आणि शेजारधर्माचा प्रश्न उभा राहतो.

औषधाचा शोध

लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ मध्ये निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळात देशातील कितीही मोठ्या पुढाऱ्याला या रक्तक्षयावरचे आजचे औषध मिळणे शक्य नव्हते, कारण ते अस्तित्वातच नव्हते. तेव्हाचे उपाय दोन. एक, पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने. दुसरा, पुन्हा पुन्हा रक्त देणे. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचे, काविळीच्या विषाणूंची लागण होई आणि परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊन पुढे मूत्रपिंड-रोपण कठीण होऊन बसे.

रक्तनिर्मितीला चालना देणारे काही द्रव्य शरीरातच असावे, अशी कल्पना पॅरिसमधील कार्नो आणि देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच मांडली होती. ते द्रव्य हाती लागायला मात्र ७१ वर्षे गेली. जपानचे ताकाजी मियाके यांनी विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाच्या रुग्णांचे सुमारे २५५० लिटर मूत्र गोळा केले. त्यावरून शिकागोचे यूजीन गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अवघे काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन वेगळे काढले. १९८३ मध्ये फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक शोधले. पेशींच्या साहाय्याने ते कारखान्यात तयार करता येऊ लागले आणि जून १९८९ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. आज भारतीय कंपन्याही हे औषध बनवितात. आठवड्यातून एक ते तीन वेळा घ्यावयाच्या मूळ इंजेक्शनाखेरीज आठवड्याने किंवा पंधरवड्याने घ्यावयाचे डार्बेपोएटिन आणि महिन्याने घेता येणारा आणखी एक दीर्घकाळ टिकणारा प्रकारही उपलब्ध आहे. घरी डायलिसिस करणाऱ्यास इंजेक्शनांची संख्या कमी होणे सोयीचे असते. कोणता प्रकार घ्यावा, हे तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाची प्रकृती आणि खर्च पाहून ठरवितात.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

औषध सापडल्यावर साहजिकच असे वाटले की, हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके करावे, म्हणजे रुग्णही निरोगी माणसाइतका सुदृढ होईल. हा तर्क सरळ होता, पण अनुभवाने तो चुकीचा ठरविला. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या १२३३ डायलिसिस-रुग्णांवर झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण रक्ताची पातळी नेहमीच्या माणसाइतकी करण्याने लाभ होत असल्याचे दिसेना आणि त्या गटात मृत्यू व हृदयविकाराचे झटके यांचे प्रमाण अधिक दिसत होते. २००९ मध्ये डायलिसिसपूर्व अवस्थेतील ४०३८ मधुमेही मूत्रपिंडरुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष बाहेर आले. हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेण्यासाठी औषध दिलेल्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, तर दुसऱ्या गटात तो ५३ जणांना झाला.

या अनुभवातून आजची रीत ठरली. डायलिसिसच्या प्रौढ रुग्णात हिमोग्लोबिन साधारणपणे १० च्या खाली गेल्यावर हे औषध सुरू करावे, ते ११.५ च्या वर जाऊ देऊ नये आणि हेतुपुरस्सर १३ च्या वर तर कदापि नेऊ नये, असे २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. वाढीचा वेगही मर्यादित हवा. दोन आठवड्यांत एक ग्रॅमहून अधिक वाढ झाल्यास मात्रा कमी करण्याचा विचार केला जातो, कारण झपाट्याने वाढ झाल्यास रक्तदाब चढतो आणि क्वचित झटकेही येतात. कर्करोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर विशेष सावधगिरी बाळगतात.

ही गोष्ट रुग्णाच्या घरी नीट समजावून सांगणे आवश्यक आहे. अहवालात ११ हा आकडा दिसला की घरचे लोक खंतावतात. शेजारच्या मुलाचे हिमोग्लोबिन १४ आहे, मग आपल्या माणसाचे एवढेच का, असे त्यांना वाटते. कोणी उत्साहाने इंजेक्शनाची संख्या वाढवितो. उलट कोणी बरे वाटू लागताच इंजेक्शन बंद करतो आणि दोन महिन्यांत रुग्ण पुन्हा अंथरुणाला खिळतो. भाताच्या खाचरात पाणी बांधापर्यंतच हवे. बांध फोडून वाहणारे पाणीही पीक घालविते आणि आटलेले पाणीही घालविते. येथेही उद्दिष्ट मर्यादेत राखण्याचे आहे. त्यासाठी औषध चालू असेपर्यंत हिमोग्लोबिनची तपासणी दरमहा आणि लोहाच्या साठ्याची तपासणी किमान तीन महिन्यांनी व्हावयास हवी. इंजेक्शनाचा परिणाम दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत गुण नाही असे म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

लोहाशिवाय इंजेक्शन व्यर्थ

मज्जेला आज्ञा मिळाली तरी कच्चा माल हवाच. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. त्याचे हिमोग्लोबिन ७ वरून १० वर न्यायचे तर सुमारे १०५ ग्रॅम नवे हिमोग्लोबिन तयार व्हावे लागते. प्रत्येक ग्रॅमात सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम लोह केवळ या वाढीसाठी लागेल. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शोषून घेतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे आतडे तर त्याहूनही कमी घेते. केवळ आहाराने ही तूट का भरून निघत नाही, ते यावरून स्पष्ट होईल.

म्हणून रक्तातील फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन-संपृक्तता या दोन तपासण्यांवरून लोहाचा साठा पाहिला जातो. तो कमी असल्यास पोटात घेण्याच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह दिले जाते. गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा उपयोग घटतो. जेवणासोबत दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर घेतल्यासही तेच होते. या दोहोंमध्ये अंतर ठेवावे. गोळ्यांनी काम होत नसेल तर शिरेतून लोह द्यावे लागते. घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णाने यासाठी महिन्याच्या तपासणीचाच दिवस साधला तर वेगळी फेरी वाचते. शिरेतून लोह देताना क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच घ्यावे. अंगात जंतुसंसर्ग चालू असताना ते टाळतात. सुई टोचताना शक्यतो तळहाताच्या मागील शीर निवडावी. हाताच्या वरच्या शिरा जपलेल्या बऱ्या, कारण उद्या रक्ताचे डायलिसिस करण्याची वेळ आल्यास त्यांचीच गरज पडते.

रक्त देणे हा अखेरचा उपाय समजावा. मोठा रक्तस्राव झाला किंवा छातीत दुखू लागले तर तो जीव वाचवितो, त्या वेळी मागेपुढे पाहू नये. परंतु मूत्रपिंड-रोपणाची आशा असलेल्या रुग्णाला टाळता येण्याजोगे रक्त देऊ नये. गावातील तरुण उत्साहाने रक्तदानास धावतात, ही भावना थोर आहे. पण या एका रुग्णाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारणे हीच खरी मदत ठरते.

गुण येईनासा झाला तर

मात्रा वाढवूनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर कारण शोधावे लागते. लोहाची उणीव हे पहिले कारण. जंत, मूळव्याध किंवा जठरातील व्रण यांतून नकळत होणारा रक्तस्राव हे दुसरे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरे डायलिसिस आणि अंगात साचलेले पाणी ही आणखी काही. पाणी साचल्याने रक्त पातळ होते आणि आकडा आहे त्याहून कमी दिसतो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये या यादीत एका कारणाला फार महत्त्व आहे. ते म्हणजे उदरपोकळीतील जंतुसंसर्ग. पिशवी बदलताना हात स्वच्छ नसले, नळीचे टोक कशाला लागले, खोलीत वारा व धूळ असली, तर जंतू सरळ पोटात जातात. बाहेर पडणारा द्रव गढूळ दिसतो, पोट दुखते, ताप येतो. अशा वेळी तोच द्रव सोबत घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. संसर्ग झाला की दाह वाढतो, हेप्सिडिन वाढते, लोहाच्या कोठाराला कुलूप पडते आणि इंजेक्शन निष्प्रभ होते. म्हणजे साबणाने नीट धुतलेले हात पोट तर वाचवितातच, पण रक्तही वाचवितात. येथे पंचायतीचा संबंध प्रत्यक्ष येतो. कोकणात पावसाळ्यात शेकडो सेंटिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या घरात रुग्ण डायलिसिस करतो, त्या घराला हात धुण्यापुरते स्वच्छ पाणी बारमाही मिळाले पाहिजे. टँकरच्या नियोजनात अशा घराची नोंद प्रथम व्हावी.

फ्रिज, वीज आणि वादळ

एरिथ्रोपोएटिन हे नाजूक प्रथिन आहे. ते २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेने ते बिघडते आणि गोठल्यानेही बिघडते. जोराने हलविल्यासही त्याची हानी होते. मातीच्या माठाजवळ ठेवून हे तापमान साधत नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणे तर निखालस चूक. दुकानातून घरी आणताना थंड पेटीत आणावे, मात्र ते थेट बर्फाला चिकटू देऊ नये. एकदा गोठलेले औषध वितळले तरी वापरू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली व मंडणगड तालुक्यांतही विजेचे खांब आडवे झाले. अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुरात बुडाले. अशा दिवसांत केंद्रावर जाणाऱ्या रुग्णाचा रस्ता बंद होतो. घरच्या रुग्णाचे डायलिसिस विजेवाचून चालू राहते, पण फ्रिज बंद पडतो. शिवाय द्रवाच्या पिशव्यांचा साठा संपण्याची धास्ती असते. दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, वजन सुमारे २४० किलो. रस्त्यापासून पाखाडीच्या पायऱ्या चढून हे ओझे वाडीत न्यायचे असते.

यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात डायलिसिसच्या रुग्णांची यादी त्यांच्या संमतीने असावी आणि पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडे पिशव्यांचा जादा साठा पोहोचल्याची खात्री करून घ्यावी. दुसरी, वीज गेल्यास औषध कोठे ठेवायचे, हे आधीच ठरवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींचे शीतयंत्र लसींसाठीच राखीव असते, त्यात इतर औषधे ठेवता येत नाहीत. म्हणून जनित्राची सोय असलेले औषधांचे दुकान, दूधसंस्था किंवा केंद्रातील औषधांचा स्वतंत्र फ्रिज यांपैकी एक जागा मुक्रर करून ठेवावी. तिसरी, पिशव्या चढवून देण्याचे काम वाडीतील तरुणांनी पाळीपाळीने करावे. यास निधी लागत नाही.

नवी गोळी

या क्षेत्रात अलीकडे आलेल्या एका नव्या औषधगटाचा उल्लेख करावयास हवा. शरीराच्या पेशी प्राणवायूची घट कशी ओळखतात, हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्या ज्ञानातून निघालेल्या गोळ्या शरीरालाच एरिथ्रोपोएटिन तयार करण्यास आणि साठ्यातील लोह वापरण्यास उद्युक्त करतात. भारतात अहमदाबादच्या झायडस कंपनीने विकसित केलेल्या डेसिडुस्टॅट या गोळीस मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. गोळीला सुई नको, त्यामुळे दूरच्या वाडीतील रुग्णाला तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ती सर्वांना चालते असे नाही. या गटातील औषधांबाबतही रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका ध्यानात घ्यावा लागतो, कर्करोगाचा इतिहास पाहावा लागतो आणि तपासण्या तितक्याच नियमित कराव्या लागतात. डेसिडुस्टॅटचा डायलिसिस-रुग्णांतील मुख्य अभ्यास रक्ताचे डायलिसिस करणाऱ्यांवर झालेला आहे. म्हणून इंजेक्शन सोडून गोळी घेण्याचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञानेच घ्यावा.

योजना आणि माणसे

२०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भर जिल्हा रुग्णालयातील रक्ताच्या डायलिसिसवर होता. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आरंभ झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना मूत्रपिंडविकारांवरील उपचारांस साहाय्य करते. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार समाविष्ट आहे आणि इंजेक्शनाचा खर्च त्यात बसतो की नाही, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. जिल्ह्यात जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि चिपळूण तालुक्यात डेरवण येथे वालावलकर रुग्णालय आहे. सल्ल्यासाठी प्रथम येथेच विचारणा करावी.

कोकणातील अनेक चाकरमान्यांचे उपचार मुंबईत सुरू होतात आणि मग ते गावी परततात. येताना कपड्यांची पेटी येते, पण औषधाची मात्रा, शेवटचे हिमोग्लोबिन, लोहाचा अहवाल आणि नळी बसविल्याची तारीख यांचा कागद मागे राहतो. हा कागद मागून घेणे, त्याची प्रत उपकेंद्रात ठेवणे आणि दरमहा रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची नोंद होते की नाही हे पाहणे, एवढे आरोग्य सेविका आणि आशा कार्यकर्तीने केले तरी अनेक अनर्थ टळतील. इंजेक्शन घेण्याआधी रक्तदाब मोजावा, तो फार चढलेला असल्यास डॉक्टरांशी बोलल्याखेरीज इंजेक्शन घेऊ नये. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट मात्रा घेऊ नये. इंजेक्शन मांडीत, दंडात किंवा पोटावर त्वचेखाली दर वेळी जागा बदलून घ्यावे, नळीच्या तोंडाजवळ मात्र टोचू नये. ताकदीची म्हणून विकली जाणारी भस्मे आणि काढे विनासल्ला घेऊ नयेत. आहारातील फळे, पालेभाज्या आणि नाचणी यांचे प्रमाणही रक्ताच्या अहवालावरून आहारतज्ज्ञ सांगतील तसे ठेवावे.

कार्यालयप्रमुख आणि मुख्याध्यापक यांनाही यात भाग आहे. समजा, संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या शाळेत पोटाचे डायलिसिस करणारे शिक्षक आहेत. हिमोग्लोबिन सात असताना त्यांना फळ्यापाशी उभे राहवत नाही. तेच साडेदहावर स्थिर झाले की ते दिवसभर वर्ग घेऊ शकतात. त्यांना हवी असते ती दुपारी पिशवी बदलण्यासाठी अर्धा-पाऊण तासाची सवड, दार लावता येईल अशी एक स्वच्छ खोली आणि हात धुण्यास वाहते पाणी. एवढी सोय झाली तर एक अनुभवी शिक्षक शाळेला मिळतो आणि एक कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहते. ती झाली नाही तर तोच माणूस वेळेआधी घरी बसतो, आणि घरी बसलेल्या माणसाच्या औषधाला पैसे पुरत नाहीत. औषध थांबले की रक्तक्षय परत येतो. हे चक्र रुग्णालयात सुटत नाही, ते कार्यालयात आणि गावातच सुटू शकते.

मूत्रपिंडविकाराची बहुसंख्य प्रकरणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांतून उद्भवतात. म्हणून प्रतिबंधाचे काम वेळेवर होणाऱ्या तपासणीत आणि वेदनाशामक गोळ्यांचा अनिर्बंध वापर थांबविण्यात आहे, हेही विसरता कामा नये. परंतु ज्यांची मूत्रपिंडे आधीच गेली आहेत, त्यांना प्रतिबंधाचा उपदेश करून भागणार नाही. त्यांच्यासाठी विज्ञानाने औषध दिले आहे आणि त्याचे योग्य प्रमाणही शोधून दिले आहे. ते औषध थंड राहील, वेळेवर टोचले जाईल, त्याच्या जोडीला लोह मिळेल आणि दरमहा तपासणी होईल, हे पाहण्याचे काम मात्र आपल्या हातात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या हद्दीतील अशा रुग्णांची भेट घ्यावी आणि पाणी, वीज, पिशव्यांची वाहतूक व तपासणीचा प्रवास या चार बाबींची विचारपूस करावी, एवढीच विनंती.